संकासूर बारा वाजता येतो

ब्रह्मदेवाचे वेद काखोटीला मारून समुद्राकडे निघालेला राक्षस मध्येच थांबतो आणि पेटीवाल्याला विचारतो, "डिचोलेची शेवटची कदंब गेली काय रे?" रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले असतात. देवळापुढे बसलेल्या माणसांपैकी एकालाही हा प्रश्न खटकत नाही. वेद चोरीला गेले त्या काळात कदंबची बस कुठून आली, असे कोणी म्हणत नाही. उलट मागच्या बाजूने कोणीतरी "गेली, गेली" म्हणून ओरडतो. राक्षस कपाळाला हात लावतो, आहे तिथेच बसकण मारतो आणि पुढची दहा मिनिटे रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलतो. विष्णू आत मुकुट बांधून तयार असतो. त्याला थांबावे लागते.

गोव्यातले पेडणे, डिचोली, सत्तरी आणि हद्दीपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ या पट्ट्यात असा प्रसंग नवा नाही. कोणी याला दशावतार म्हणतो, कोणी दहीकाला किंवा धयकालो, आणि घरातली म्हातारी माणसे नुसते 'नाटक' म्हणतात. मोठ्या माणसांसाठी उशिरा रात्री दाखवायची, तर्काला खुंटीवर टांगणारी विनोदी मालिका हा प्रकार टीव्हीवाल्यांनी शोधला, असा एक समज आहे. अमेरिकेत त्यासाठी कार्टूनची पात्रे वापरली गेली. आपल्याकडे तोंडाला रंग लावलेली माणसे. आतली यंत्रणा मात्र चकित व्हावे इतकी सारखी आहे. आपल्या यंत्रणेकडे आपण जत्रेला जाऊनही नीट पाहत नाही, म्हणून ती इथे सुटी करून पाहू.

आधी हंगाम. तो पंचांग ठरवते. कार्तिकात भाताची कापणी उरकत येते आणि ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या आसपासची. तिथून मग मार्गशीर्ष, पौष, माघ करत गावागणिक एकेक रात्र लागत जाते, ती थेट पावसाच्या तोंडापर्यंत. इंग्रजी तारीख दर वर्षी मागेपुढे होते, तिथी होत नाही. त्यामुळे कोणत्या मंडळाने कोणत्या रात्री कोणत्या देवळापुढे उभे राहायचे, हे बऱ्याच ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, खानोलकर, आरोलकर, चेंदवणकर, नेरूरचे कलेश्वर ही जुनी नावे. बहुतेक गावांवरून पडलेली. अमुक देवीच्या जत्रेचे नाटक अमुक मंडळाचेच, असा मान असतो आणि तो सहसा मोडला जात नाही.

मंडळ म्हणजे दहा-पंधरा माणसे. एक मालक, सात-आठ नट, पेटी, मृदंग आणि झांज वाजवणारे, सामान उचलणारा एखादा. आज हा गाव, उद्या तो. आज खाडीकाठ, उद्या घाटाचा पायथा. पूर्वी वेषाचे पेटारे डोक्यावर घेऊन हा प्रवास पायी व्हायचा. 'रातचो राजा, सकाळी कपाळार बोजा' ही म्हण त्याच चालण्यातून आली. आता टेंपो असतो, पण बाकीचा क्रम तोच: पहाटे रंग पुसायचा, दिवसा कुठेतरी पाठ टेकायची, संध्याकाळी पुढचे देऊळ. पावसाळ्यात यांतली बरीच माणसे स्वतःच्या नाहीतर दुसऱ्याच्या शेतात लावणी करत असतात.

जत्रेच्या नाटकाला तिकीट नसते, ही गोष्ट नोंदवून ठेवावी. मोबदला देवस्थान देते किंवा गाव वर्गणी काढून देतो. म्हणजे समोर बसलेल्या माणसाने पैसे मोजलेले नाहीत. तो केव्हाही उठून खाज्यांच्या दुकानाकडे जाऊ शकतो. घरी जाऊ शकतो. तिथेच आडवा होऊ शकतो. नाटकाची सगळी रचना या माणसाला धरून ठेवण्यासाठी झालेली आहे. टीव्हीवाले हातातल्या रिमोटला घाबरतात, आमचे नट खाज्यांच्या दुकानाला.

आता रात्र. दिवसभर देवीच्या ओट्या भरल्या जातात, रात्री पालखी देवळाभोवती फिरते. पालखी आत गेल्याशिवाय नाटक उभे राहत नाही. तोपर्यंत नट अग्रशाळेत किंवा देवळाच्या पडवीत रांगेने बसलेले असतात. प्रत्येकाची आपली ट्रंक, आपला हातभर आरसा. रंगवायला वेगळा माणूस नसतो. ज्याचे तोंड त्याने रंगवायचे. राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, करणारा मिशा रंगवतो, स्त्रीपार्टी करणारा लुगड्याच्या निऱ्या घालतो. पुरुषांनी बायकांचे वेष घेण्याची ही रीत किती जुनी, याचा दाखला सतराव्या शतकातल्या दासबोधात आहे. दशावतारात सुंदर स्त्रिया येतात पण ते सगळे धटिंगण असतात, असा शेरा रामदासांनी मारून ठेवला आहे. शेरा अर्थातच नाटक पाहिल्याशिवाय मारता येत नाही.

पेटाऱ्याची पूजा होते. त्यात गणपतीचा मुखवटा असतो आणि तो नुसता सामानाचा भाग मानला जात नाही. मग पेटीवर बसलेला हरदास सूर धरतो, मृदंगावर थाप पडते आणि नाटकाचा पहिला भाग सुरू होतो. याचे नाव आडदशावतार. सगळा विनोद इथे मुरलेला आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आडदशावताराचा क्रम ठरलेला. ऋद्धी-सिद्धींसह गणपती येतो, नाचतो, आशीर्वाद देतो. त्याची पूजा सांगायला भटजी येतो आणि मंत्रांची जी काही वाट लावायची ती लावतो. मोरावरची शारदा येऊन नाचून जाते. ब्रह्मदेव येतो. त्याचे वेद पळवायला शंखासुर येतो. तोच आमचा संकासूर. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो. संपले. नाव दशावतार, पण दहा अवतार कोणी मोजून दाखवत नाही. कथा येते ती मत्स्यावतारातल्या या एका वधाची. कथा म्हणून पाहिली तर पाच मिनिटांत सांगून होईल. प्रत्यक्षात तिला तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो, आणि त्यातला मोठा वाटा एकटा संकासूर खातो.

तो खाऊ शकतो याचे कारण कथा सगळ्यांना पाठ आहे. वेद जाणार, विष्णू येणार, संकासूर मरणार. सहा वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना शेवट ठाऊक असल्यामुळे 'पुढे काय' हा प्रश्नच उरत नाही, आणि तो उरत नाही म्हणून मधली जागा पूर्ण मोकळी होते. दावणीला बांधलेले जनावर दाव्याच्या लांबीएवढे कुठेही चरते, तसे हे आहे. दावे पक्के असले की गुराख्याला चिंता नाही.

संकासुराचा वेष काळा. अंगभर काळे कपडे आणि चेहरा झाकून टाकणारी टोकदार काळी टोपी. चेहरा झाकलेला नट हसू दाखवू शकत नाही, डोळे मिचकावू शकत नाही. त्याच्याकडे उरतो आवाज, मान, हातपाय आणि वेळ साधण्याची अक्कल. चेहरा नसल्याचा दुसरा फायदा मोठा आहे. काळ्या टोपीखालचा माणूस कोण हे गावाला माहीत असले तरी बोलतो तो संकासूर. तो देवस्थान समितीच्या हिशेबावर बोलू शकतो, पंचायतीच्या नळावर बोलू शकतो, समोर पहिल्या रांगेत शाल पांघरून बसलेल्या पाहुण्यावर बोलू शकतो. राक्षसाचे बोलणे मनाला लावून घ्यायचे नसते, आणि शेवटी तो मारला जाणारच आहे. शिक्षा आधीच मुक्रर झालेली असल्याने गुन्हा करायला हरकत नसते.

त्याच्या विनोदाची साधने मोजकीच आहेत. पहिले, उलटे ऐकणे. ब्रह्मदेव छापील मराठीत गरजतो, "दुष्टा, माझे वेद कुठे आहेत?" संकासूर मालवणीत म्हणतो, "वैद? तो खंयचो गावता आता? सकाळी दवाखान्यात जावा." दुसरे, नको तिथे हिशेबी होणे. चार वेद म्हणजे किती वजन, एकट्याने न्यायचे तर हमाली कोण देणार, पावती मिळेल का, यावर तो भटजीशी घासाघीस करतो. तिसरे, जागेचे नाव. इथे गावागणिक मजकूर बदलतो. समजा नाटक मांडवीकाठच्या आमोण्यात लागले आहे, तर वेद लपवायला समुद्रापर्यंत जायची गरज काय? खांडोळ्याला जाणाऱ्या पुलावर उभे राहून खाली सोडले की झाले. पण खालून खनिजाची बार्ज गेली तर? वेद तिच्यात पडणार, मुरगावला जाणार, तिथून जहाजात चढणार आणि परदेशात लोखंडाच्या भावाने विकले जाणार. "मगे तो ब्रह्मदेव खंय सोदतलो?" हे वाक्य मी इथे बनवून दिले आहे, पण असे बनवणे हेच त्या नटाचे रोजचे काम. संध्याकाळी गावात उतरल्यावर तो चहाच्या गाड्यावर उगाच बसत नाही. गावात कोणता रस्ता खणला, कोणाची म्हैस कोणाच्या वायंगणात शिरली, हे त्याला मध्यरात्रीआधी कळलेले असते.

या सगळ्याला टेकू देणारा दुसरा माणूस लागतो. तो हसत नाही. हरदास, भटजी किंवा ब्रह्मदेव, जो कोणी समोर असेल तो शुद्ध, जड, पोथीतल्या मराठीला चिकटून राहतो. भाषेची ही फाळणी फार कामाची आहे. देव, ऋषी, राजे प्रमाण मराठीत बोलतात. संकासूर मालवणीत, गोव्यात आल्यावर कोकणीतही. देवांना प्रेक्षक दिसत नाहीत. संकासुराला दिसतात. एकाच चौकटीत एक माणूस पुराणात आहे आणि दुसरा आपल्या वाडीत. दोघे एकमेकांशी बोलतात तेव्हा मधली फट उघडते, आणि हसू त्या फटीतून येते.

लिहिलेली संहिता नसते, हे ऐकून बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटते. आडदशावताराला नसते, आणि त्यानंतर पहाटेपर्यंत चालणाऱ्या आख्यानालाही नसते. रंग लावता लावता मालक कथानक सांगतो: आज अमुक आख्यान, तू राजा, तू राणी, तू कपटी प्रधान, राजा शिकारीला जाईल, शाप मिळेल, राणी वनात जाईल, नारद येईल. प्रवेशांचा क्रम पक्का केला जातो, वाक्ये नाही. वाक्ये उभ्या उभ्या येतात. ती येण्यासाठी नटाच्या पोटात पोथ्या असाव्या लागतात; श्रीधराचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे ग्रंथ गावोगावच्या पारायणांमुळे नटाच्याही कानात असतात आणि प्रेक्षकाच्याही. चुकले तर पुढच्या रांगेतला म्हातारा नाटक चालू असतानाच चूक काढतो.

वाक्ये पाठ नसताना दोघे एकमेकांवर आदळत का नाहीत? कारण वाहतूक हरदासाच्या हातात असते. प्रवेश त्याच्या गाण्यावर होतो, निर्गम त्याच्या गाण्यावर होतो. नटाचा स्वर विशिष्ट पद्धतीने चढला की त्याला पद हवे आहे हे पेटीला कळते. नट अडकला, वाक्य सुचेना, की पेटी मध्ये शिरते आणि त्याला दोन कडव्यांची उसंत मिळते. दोन नट फारच लांबले तर मृदंग त्यांना लढाईला लावतो. युद्ध म्हणजे तालावर गोल फिरत घेतलेली पावले. ती सुरू झाली की संवाद संपले, हे सगळ्यांना समजते. प्रेक्षकाला ही सूत्रे दिसत नाहीत. एकदा दिसायला लागली की नाटक दुप्पट मजेचे होते. पुढच्या वेळी नटाकडे न पाहता दहा मिनिटे पेटीवाल्याच्या डोळ्यांकडे पाहावे.

नेपथ्य म्हणजे एक बाकडे. ते सिंहासन असते, रथ असतो, पलंग असतो, कैलास असतो. राजाने त्याला एक फेरी मारली की शंभर योजने कापली जातात. मेलेला राक्षस उठून, लुगड्याचा सोगा सावरत, सगळ्यांसमोर आत चालत जातो आणि तो आता दिसत नाही असे आपण ठरवून टाकतो. पूर्वी राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ उडवायचे, भपकन जाळ व्हायचा. त्याचा आजचा वंशज म्हणजे 'ट्रिकसीन'. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत 'ट्रिकसीनयुक्त' असे छापतात आणि मग टेबलावर धडावेगळे मुंडके बोलते, धुरातून नाग निघतो, पिंडीतून शंकर. माझे मत विचाराल तर बाकड्याचा रथ होणे ही मोठी ट्रिक आहे. पण ट्रिकसीनला गर्दी होते हेही खरे.

आख्यान गंभीर असते. त्यात रडे असते, शाप असतात, सतीची परीक्षा असते. तरी दीड-दोनच्या पुढे, नेमक्या झोपेच्या वेळेला, कुठल्यातरी राजवाड्यातला बावळट सेवक किंवा राक्षसाचा भित्रा चेला आत शिरतो आणि अर्धा तास कथेचे काही एक पुढे जाऊ देत नाही. हा गजर आहे. पोरे तोपर्यंत हांतरुणावर गाढ झोपलेली असतात, जागी उरलेली बहुतेक मोठी माणसे. या तासाच्या विनोदाला म्हणूनच वेगळी धार चढते. नवरा-बायको, सासरा-जावई, दारू, उधारी असे विषय बाराच्या आत निघत नाहीत ते इथे निघतात. झोपेच्या काठावर असलेल्या माणसाला तर्काचा आग्रह कमी असतो. त्याला राक्षस बस पकडताना दिसला तरी चालतो.

हा शेवटचा मुद्दा अमेरिकेतल्या टीव्हीला बरोबर सापडला. कार्टून नेटवर्क वाहिनीने १९९४ च्या एप्रिलमध्ये 'स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट' ही मालिका सुरू केली. पैसे फारसे नव्हते; गोदामात हॅना-बार्बेरा कंपनीची जुनी कार्टुने पडून होती. त्यांतला १९६६ सालचा स्पेस घोस्ट नावाचा एक मुखवटेधारी अंतराळवीर काढला, त्याची जुनीच चित्रे कापून-जोडून वापरली आणि त्याला मुलाखती घेणारा यजमान केला. ज्यांना तो पूर्वी पकडायचा ते झोरॅक आणि मोल्टार हे खलपुरुष आता त्याच्याकडे कामाला, एक वाद्यवृंदात, दुसरा नियंत्रणकक्षात. पाहुणा मात्र खरा, हाडामांसाचा कलावंत. त्याची मुलाखत आधी घ्यायची आणि मग उत्तरे तशीच ठेवून प्रश्न बदलायचे, ही त्यांची युक्ती. पाहुणा गंभीरपणे बोलतो आहे आणि विचारणाऱ्याने भलतेच काहीतरी विचारलेले आहे. वेद मागणाऱ्याला वैद्याचा पत्ता देणारा संकासूर मला इथे आठवतो. झाकलेला चेहरा, जुने सर्वांच्या ओळखीचे पात्र, हसू न फुटू देणारा जोडीदार, तेच तेच चार देखावे: सामग्री जवळजवळ एकच.

हॅना-बार्बेराची चित्रे अशी पुन्हा वापरता आली यालाही कारण आहे. ही कंपनी १९५७ मध्ये निघाली तीच टीव्हीसाठी स्वस्तात चित्रे हलवायला. पूर्ण आकृती दर वेळी नव्याने काढायची नाही; धड स्थिर ठेवायचे, फक्त तोंड किंवा हात वेगळ्या पारदर्शक कागदावर काढून बदलायचा. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे तो शोभेसाठी नव्हे. डोके आणि धड यांचा सांधा त्याखाली लपतो. हालचाल कमी झाली की सगळा भार बोलण्यावर येतो. एकाच बाकड्यावर रात्र काढणाऱ्या आमच्या नटांना हे सांगायची गरज नाही.

पुढे २ सप्टेंबर २००१ रोजी त्याच वाहिनीने रात्रीचा 'ॲडल्ट स्विम' हा मोठ्यांचा विभाग उघडला. त्यातली 'ॲक्वा टीन हंगर फोर्स' ही मालिका म्हणजे दुधाच्या शेकचा पेला, तळलेल्या बटाट्याच्या कापांचा डबा आणि खिम्याचा गोळा अशी तीन पात्रे एका भाड्याच्या घरात राहतात आणि शेजाऱ्याला पिडतात. सुरुवातीला ही तिघे गुन्हे शोधणारी म्हणून आणली होती. थोड्याच भागांत गुन्हे शोधणे सुटले आणि नुसते बरळणे उरले. एकेक भाग जेमतेम अकरा-बारा मिनिटांचा. मालिका २०१५ पर्यंत चालली आणि २०२३ मध्ये पाच भागांसाठी परत आली. नंतरच्या काही हंगामांत तर कर्त्यांनी दर हंगामाला मालिकेचे नावच बदलून टाकले. एवढा उपद्व्याप करूनही प्रेक्षक टिकला, कारण तीन पात्रांचे स्वभाव त्यांनी कधी बदलले नाहीत. ती त्यांची कथेची दावण.

चित्रे हलवून रात्र जागवण्याची आपली स्वतःची रीतही या पट्ट्यात आहे आणि ती कुडाळजवळच्या पिंगुळीत. तिथला ठाकर समाज चित्रकथी सांगतो, कळसूत्री बाहुल्या नाचवतो आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडतो. चित्रकथीत रामायण-महाभारतातली चित्रे एकेक करून पुढे धरायची आणि कथा गात जायचे. चित्रांच्या अशा एका संचाला पोथी म्हणतात. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने देवळांतून हे चालायचे. ही कला टिकवण्यासाठी आयुष्य घालवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला आणि पिंगुळीला त्यांनी उभारलेले संग्रहालय पाहता येते. दशावतार आणि चित्रकथी एकाच देवळांच्या आवारात वाढलेली भावंडे. एक जोरात बोलते म्हणून जास्त लोकांना ऐकू आले.

आता आजचे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, असा नियम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. सणासुदीला वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांना आहे, पहाटेपर्यंतची नाही. दशावतार मुळात बिनमाईकचा, पण आता चार माणसांनाही माईकशिवाय ऐकायची सवय राहिलेली नाही. त्यात सकाळची नोकरी, मुलांची शाळा. म्हणून पुष्कळ ठिकाणी नाटक संध्याकाळी सात-आठला लागते आणि अडीच-तीन तासांत उरकते. पूर्वी पहाटे दहीहंडी फुटायची आणि लोक दह्याचा काला घेऊन घरी जायचे. आता लोक जेवायच्या वेळेला घरी असतात. दुसरीकडे 'संयुक्त दशावतार' आले, म्हणजे निरनिराळ्या मंडळांतले नामांकित नट एका रात्रीपुरते एकत्र आणायचे. मुंबईच्या नाट्यगृहांत चाकरमान्यांसाठी प्रयोग होतात. यूट्यूबवर आख्याने पडलेली असतात, लाखो लोक पाहतात. २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या 'दशावतार' या चित्रपटाने तर ज्यांनी जन्मात जत्रा पाहिली नाही त्यांनाही नाव शिकवले. कला मरते आहे, असा गळा काढण्याचे मला कारण दिसत नाही. चांगले राजपार्टी आहेत, अप्रतिम स्त्रीपार्टी आहेत, तरुण पोरे येत आहेत.

पण वेळ कापायची आली की सगळ्यात आधी कात्री लागते ती आडदशावताराला. गणपती येतो, आरती होते आणि थेट आख्यान सुरू. भटजी गेला, शारदा गेली, संकासूर गेला. मंडळाच्या बाजूने पाहिले तर हिशेब बरोबर आहे: पोस्टरवर नाव आख्यानाचे असते, ट्रिकसीन आख्यानात असतो, नामांकित नट आख्यानात असतो. काळी टोपी घालून तासभर बोलणाऱ्याचे नाव कुठे छापत नाहीत. परिणाम असा की नव्या नटाला उभ्या उभ्या बोलण्याची तालीम मिळायची जागाच बंद होते आहे. गावाच्या गोष्टी गोळा करून त्यांना पुराणात पेरण्याचे काम संकासुराने शिकवले. तो नसेल तर आख्यानातला विनोदी सेवकही हळूहळू टीव्हीवरचेच चुटके सांगायला लागतो. काही ठिकाणी लागलाच आहे. आमोण्याला ऐकलेला चुटका आरवलीत आणि आरवलीतला दोडामार्गात जसाच्या तसा येणार असेल, तर मोबाइलवर तोच घरी बसून ऐकायला काय वाईट?

म्हणून देवस्थान समित्यांना आणि मंडळ ठरवायला जाणाऱ्या गावकऱ्यांना एक विनंती. आख्यान कोणते, राजपार्टी कोण, ट्रिकसीन किती, हे विचाराल तेव्हा संकासूर कोण करणार तेही विचारा आणि पोस्टरवर त्याचे नाव घाला. तीन तासांचे नाटक असेल तर त्यातला पाऊण तास आडदशावताराला द्या. आख्यानातला एखादा शाप कमी पडला तर कोणाचे बिघडत नाही. संकासूर करणारा नट दुपारीच गावात पोचेल असे पाहा आणि त्याला चहाच्या गाड्यावर नेऊन बसवा. आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्यांनी, आपले नाव निघाले तर, हसावे.